तुरीची धसकटं आणि पंक्चरचं किट

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी नागपुरात मनीषनगरला राहतो. मागच्या वर्षी सेकंडहँड थार घेतली, फोर बाय फोर, टायर २४५/७५ आर १६. भिवापूरच्या पुढे आमची शेती आहे, शेवटचा तुकडा नुसती पांदण. शिवाय सुटीच्या दिवशी आम्ही चार-पाच मित्र गाड्या घेऊन नाल्या-टेकड्यांत जातो. यंदा हिवाळ्यात दोनदा पंक्चर झालं. एकदा शेताच्या धुऱ्यावर, एकदा बांबूच्या रानाजवळ, आणि त्या वेळी तर टायरची बाजूच फाटली. आता किट घ्यायचं ठरवलंय. ऑनलाइन तीन प्रकार दिसतात: तीन-चारशे रुपयांचं साधं सुई-पट्टीचं पाकीट, टायरमध्ये फवारून भोक बुजवायचा स्प्रेचा डबा आणि छोटा पंप असलेला संच, आणि सहा-सात हजारांची साठ नगांची पेटी. बाबा म्हणतात, 'स्टेपनी हाये ना, मंग हे कायले पाह्यजे?' माझी बायको एकटीही शेतावर जाते, तिला जमेल असं काय आहे? आणि टायरमध्ये आधीच भोक आपोआप बुजवणारं जेल टाकून ठेवलं तर प्रश्नच मिटेल का?"

सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर देतो, कारणं मग सांगतो. तिन्हीपैकी एकही संच आहे तसा घेऊ नका. तुमचे सहा-सात हजार खर्चायची तयारी असेल तर त्यातला मोठा वाटा हवा भरायच्या चांगल्या पंपावर घाला. सुई-पट्टीचं किट साधंच, पण लोखंडी हँडलचं घ्या. उरलेल्या पैशांत एक ट्यूब, व्हॉल्व्हच्या पिना आणि हवा मोजायचा गेज येतो. स्टेपनी काढायचा विचारही करू नका. पंक्चर काढायची पट्टी स्वस्त असते आणि बहुतेक पट्ट्या काम करतात. माणूस रानात अडकतो तो हवा नसल्यामुळे, हे आधी लक्षात घ्या.

आपल्याकडे टायर कशानं जातो ते बघूनच किट निवडावं लागतं. ऑफरोडिंगचे परदेशी व्हिडिओ वाळूत आणि धारदार खडकांत काढलेले असतात. भिवापूर-उमरेडकडे तुमचा शत्रू तुरीचं धसकट आहे. तूर कापताना विळा तिरपा चालतो, त्यामुळे बुंध्याचा उरलेला वीतभर खुंट वर टोकदार राहतो. एक-दोन महिन्यांत तो वाळून कडक होतो. वाकून हातानं दाबून बघा, तो हलत नाही, कारण मुळं काळ्या मातीत घट्ट रुतलेली असतात. त्याच्यावरून सरळ चाक गेलं तर बहुधा काही होत नाही, जाड नक्षीच्या टायरखाली तो मोडतो. पण गाडी वळवताना किंवा चाक धुऱ्यावरून घसरताना तो टायरला बाजूनं भिडतो. बाजूला रबर पातळ असतं आणि तिथे पोलादी तारांचे पट्टे नसतात, ते फक्त टाचेखाली, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली असतात. पऱ्हाटीची धसकटंही तशीच. बांबूचा कापलेला खुंट तर या सगळ्यांचा बाप, तुम्ही तो अनुभवलाच आहे. बाभळीचा काटा मात्र तुमच्या टायरला फारसा त्रास देत नाही. तो टाचेत घुसून आतच मोडतो, आणि कधी कधी दोन-चार दिवसांनी हवा हळूहळू कमी व्हायला लागते.

आता बाबांचं म्हणणं. बाजू फाटली की कुठलंही किट उपयोगी नाही, तिथे बाबाच बरोबर आहेत. दुरुस्ती फक्त टाचेच्या मधल्या भागात, साधारण ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकाची करतात. खांद्याजवळ, म्हणजे टाचेच्या कडेला, आणि बाजूला केलेली पट्टी टायर वाकला की निघते, आणि वेगात निघाली तर गाडी हातात राहत नाही. बाजू शिवायचे दोरे आणि मोठे पॅच असलेल्या पेट्याही विकतात. ते रानातून गावापर्यंत चालत्या माणसाच्या वेगानं यायला ठीक, डांबरी रस्त्यासाठी मुळीच नाही. तुमची साठ नगांची पेटी घेतली असती तरी बांबूपाशी त्या दिवशी स्टेपनीच लागली असती.

पण बाबांचं उत्तर एका पंक्चरपुरतं आहे. धसकटांच्या वावरातून गाडी जाते तेव्हा पुढचं आणि मागचं चाक एकाच ओळीतून जातं. रस्त्यावरचा खिळाही बहुतेक वेळा मागच्याच चाकात सापडतो, कारण आडवा पडलेला खिळा पुढचं चाक उडवून उभा करतं. एका फेरीत दोन चाकं जाणं ही दुर्मीळ गोष्ट नाही. स्टेपनी एकदा लावली की परतीच्या सगळ्या वाटेवर तुमच्याकडे काहीच उरत नाही. आणखी एक, मित्रांपैकी कोणाची गाडी नवी असेल तर आधी तपासा की तिच्यात स्टेपनी आहे तरी का. २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचं किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनी सक्तीची राहिली नाही. शहरात चालवायला हे चालेल. पांदणीवर ज्याच्याकडे स्टेपनी नाही त्यानं तुमच्या मागेच राहावं.

पंपावर इतका जोर का, ते आता सांगतो. तुमच्या मापाच्या एका टायरमध्ये साधारण ६०-७० लिटर जागा असते. चिखलात किंवा भुसभुशीत मुरुमात जाताना तुम्ही हवा १८-२० पीएसआयपर्यंत (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) उतरवणार. उतरवायलाच हवी, टायर पसरतो आणि पकड येते. परत डांबरीवर येताना चारही चाकांत १२-१४ पीएसआय भरायची, म्हणजे प्रत्येकी साठेक लिटर हवा आत ढकलायची. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप मिनिटाला खऱ्या अर्थानं बारा-पंधरा लिटरच देतो, डब्यावर काहीही लिहिलेलं असो. एका चाकाला चार-पाच मिनिटं, आणि दोन चाकं झाली की पंप हात लावू देत नाही इतका तापतो. चार चाकांना मध्ये पंप थंड करत अर्धा-पाऊण तास जातो. मग काय होतं, तर लोक कंटाळून कमी हवेवरच घरी निघतात. उमरेड रोडला एक वेळ निभेल, पण समृद्धीवर त्याच टायरनं शंभर-एकशेवीसच्या वेगात जाणं म्हणजे टायर आतून तापवून फोडणं आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, त्यातून उष्णता तयार होते. मे महिन्यात खालचा रस्ताही तापलेलाच असतो.

म्हणून दोन सिलिंडरचा, थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा पंप घ्या, मिनिटाला साठ-सत्तर लिटर लिहिलेला. तो तीस-चाळीस अँपिअर ओढतो. सॉकेटचा फ्यूज त्याहून बराच कमी अँपिअरचा असतो, त्यामुळे तो सॉकेटवर लावायचा प्रयत्न करू नका, आणि चालवताना इंजिन सुरू ठेवा. घेण्यापूर्वी तीन गोष्टी बघा. नळी आणि वायर मिळून बॉनेटपासून मागच्या चाकापर्यंत पोचते का, याला कमीत कमी सहा-सात मीटर हवेत. व्हॉल्व्हला लावायचं तोंड पितळी आणि आट्यांचं आहे का, प्लास्टिकची खटक्याची तोंडं धुळीनं लवकर खराब होतात. आणि सलग किती मिनिटं चालवायचा ते कंपनीनं लिहिलंय का. जो हे लिहीत नाही तो पंप सोडून द्या. चार्जिंगवाले हातात मावणारे पंप घरी हवा बघायला छान असतात, पण उन्हात तापलेल्या गाडीत ते ठेवून त्यांच्या भरवशावर रानात जाऊ नका.

गेज वेगळा ठेवा, पंपावरचा काटा अंदाजे असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. दर पाच-सहा अंशांना साधारण १ पीएसआय वाढतो, त्यामुळे उन्हात गाडी चालवून मोजलं की चार-पाच जास्त दिसतात. ती जास्तीची हवा काढायची नसते.

सुई-पट्टीच्या किटमध्ये बघायचं थोडंच आहे. रीमर, म्हणजे भोक आतून घासायची कानस, आणि सुई दोन्ही जाड पोलादाच्या, आडव्या धातूच्या मुठीच्या हव्यात. प्लास्टिकची मूठ ऑफरोडच्या जाड टायरवर जोर लावताना फिरते किंवा तुटते आणि सुई तळहातात शिरते. पट्ट्या हाताला चिकट, लवचिक लागायला हव्यात, कोरड्या दोरीसारख्या लागल्या तर जुन्या आहेत. बाकी साठ नगांतले चाळीस नग या पट्ट्याच असतात, तेव्हा आकड्याला भुलू नका. सोबत घरून हे घाला: मजबूत पक्कड, कटर, खडू, साबणाच्या पाण्याची छोटी बाटली, जाड हातमोजे, डोक्याला लावायची टॉर्च, व्हॉल्व्हच्या चार पिना आणि पिन काढायची चावी.

आता प्रत्यक्ष काम, कारण वहिनींना जमेल का याचं उत्तर त्यातच आहे. खिळा दिसला की लगेच उपटू नका. आधी सगळं सामान चटईवर मांडा, सुईत पट्टी ओवून दोन्ही टोकं सारखी करा. गाडी थोडी पुढे-मागे घेऊन खिळा हाताच्या उंचीवर आणा, पुढचं चाक असेल तर स्टेअरिंग पूर्ण वळवा, म्हणजे चाक काढावंच लागत नाही. टायरमध्ये हवा बरीच गेली असेल तर खिळा तसाच ठेवून आधी हवा भरा. हवा असलेला टायर ताठ राहतो, रिकामा टायर सुईखाली दबतो आणि सगळी ताकद वाया जाते. बहुतेक लोक इथेच थकतात आणि किटला दोष देतात. मग खिळा ज्या कोनात आहे तो कोन बघून ठेवा, पकडीनं ओढा, आणि त्याच कोनात रीमर घालून आठ-दहा वेळा आतबाहेर फिरवा. आत पोलादी तारा कुरकुरतात ते हाताला कळतं. त्या तुटलेल्या तारांची टोकं नीट घासली गेली नाहीत तर तीच पुढे पट्टी कापतात. सोल्युशन लावलेली पट्टी सुईसकट आत ढकला, बाहेर बोटाच्या पेराएवढी टोकं उरेपर्यंत. सुई न फिरवता झटक्यात सरळ ओढा. साबणाचं पाणी टाका. बुडबुडे येत असतील तर त्याच भोकात दुसरी पट्टी. नसतील तर टोकं टायरच्या चार-पाच मिलिमीटर वर कापा, अगदी सपाट कापू नका.

ढकलायला जोर लागतो तो मनगटाचा नाही, अंगाच्या वजनाचा. गुडघा टेकून दोन्ही तळहात मुठीवर ठेवले की कोणालाही जमतं. जवळच्या पंक्चरवाल्याकडून एक टाकाऊ टायर मागून आणा, अंगणात त्यात खिळा ठोका आणि दोघांनीही हे करून बघा. वहिनींसाठी खरी अडचण स्टेपनी आहे, ते चाक पंचवीस-तीस किलोचं असतं आणि मागच्या दारावर टांगलेलं. शिवाय दुकानात मशीननं आवळलेले नट गाडीतल्या छोट्या पान्यानं सुटत नाहीत. टायरचं काम झालं की नट एकदा आपल्या हातानं, आपल्याच पान्यानं सोडून-आवळून बघायचे, आणि पान्यावर बसेल असा दोन फूट लोखंडी पाइप गाडीत टाकायचा. त्या एकट्या असताना टाचेत खिळा असेल तर त्यांनी चाक बदलण्याच्या फंदात न पडता पट्टीच लावावी. काटा असेल आणि हवा हळू जात असेल तर तेही नको. बारीक भोक रीमरनं मोठं करण्यापेक्षा हवा भरून थेट भिवापूर किंवा उमरेडचं दुकान गाठणं शहाणपणाचं.

चाक बदलायची वेळ आलीच तर काळ्या मातीत जॅक टेकतच नाही. गाडी उचलण्याऐवजी तो स्वतःच खाली जातो, आणि पाऊस झाला असेल तर आणखीच. फूटभर लांब-रुंद, दीड-दोन इंच जाडीची सागवानी फळी जॅकखाली ठेवायला कायम गाडीत हवी. कुठल्याही किटमध्ये ती मिळत नाही, सुताराकडे मिळते.

स्प्रेचा डबा नागपूरकरानं घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. अशा डब्यांतला दाबाखालचा वायू बऱ्याचदा ज्वलनशील असतो आणि डब्यावर ५० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका असं छापलेलं असतं. बाहेर ४५ असताना उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत पारा त्याच्या कितीतरी वर जातो. शिवाय डबा एकदाच वापरता येतो, मुदत संपते, आणि मोठ्या भोकाला तो पुरत नाही. उन्हाचा त्रास तुमच्या साध्या किटलाही आहे. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की काही महिन्यांत वाळते, पट्ट्या कोरड्या पडतात. होळी झाली की दोन्ही नव्या घ्या. खर्च चहापाण्याएवढाच आहे.

हवा उतरवून चालवताना कधी टायर रिमवरून सुटतो. १५ च्या खाली गेलात तर याची शक्यता बरीच वाढते. तेव्हा टायरभोवती ट्रकवाल्यांचा ताणपट्टा आवळा, व्हॉल्व्हची पिन काढून मोठ्या पंपानं जोरात हवा आत भरा, टायर परत बसतो. पेट्रोल किंवा स्प्रे शिंपडून काडी लावायचा प्रकार तुमच्या मित्रांपैकी कोणी व्हिडिओत बघितला असेलच. तो कोणी करू म्हटलं तर हात धरून थांबवा. त्यात टायर फुटतो, चेहरे भाजतात, आणि बाजूला वाळलेलं गवत असतं.

उमरेड-कऱ्हांडल्याच्या बाजूनं किंवा पेंचमधून जाणाऱ्या रस्त्यावर जंगलाच्या आत पंक्चर झालं तर खाली उतरायचं नाही, किट कितीही चांगलं असो. हॅझर्ड लाइट लावून, बसलेल्या टायरवरच अगदी सावकाश पुढच्या गेटपर्यंत किंवा गावापर्यंत या. टायर खराब होईल, होऊ द्या.

पट्टीवर घरी आलात की काम संपलं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी टायर रिमवरून काढून आतून मशरूम पॅच (भोकात बसणारा दांडा असलेला पॅच) लावून घ्या आणि तोवर ऐंशीच्या वर जाऊ नका. मोठ्या टायरचं काम रोज करणारी दुकानं अमरावती रोडला वाडीत आहेत, ट्रकांमुळे त्यांचा हात बसलेला असतो. टायर उतरवलाच आहे तर रबरी व्हॉल्व्ह बदलून चारही चाकांना धातूचे बसवून घ्या, रबरी व्हॉल्व्ह धसकटात अडकून मुळापासून फाटतात. तुमच्या मापाची ट्यूब मी सांगितली ती अशासाठी, की टाचेतलं भोक पट्टीच्या आवाक्याबाहेरचं निघालं आणि स्टेपनी आधीच वापरून झाली असेल, तर खेड्यातला पंक्चरवालाही ट्यूब घालून तुम्हाला नागपूरला पोचवू शकतो. ट्यूब त्याच्याकडे तुमच्या मापाची असेलच असं नाही, म्हणून ती गाडीत ठेवायची.

राहिला जेलचा प्रश्न. थारमध्ये घालू नका. जेल आत एका जागी साचतं, त्यामुळे वेगात स्टेअरिंग थरथरायला लागतं, दाबाचा सेन्सर असेल तर तो चिकटतो, आणि ओल्या चिकट रबरावर पॅच बसत नाही म्हणून पंक्चरवाला टायर हातात घ्यायला कुरकुरतो. बाजू फाटली तर त्याचा काही उपयोगही नाही. शेतावरच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांत आणि दुचाकीत मात्र खुशाल टाका. तिथे वेग कमी असतो, काटे जास्त असतात, आणि हवा हळूहळू जाण्याचा बाबांचा रोजचा वैताग त्यानं नक्की कमी होईल.